जिन्यातलं फुटेज

आमच्या सोसायटीत कॅमेरे मी बसवून घेतले. 2018 साली सेक्रेटरी झालो आणि पहिल्याच सर्वसाधारण सभेत तो ठराव आणला. तीन कोटेशनं मागवली, घरोघरी जाऊन वर्गणी गोळा केली आणि दिवाळीच्या आत सोळा कॅमेरे लागले. फाटकावर दोन, पार्किंगमध्ये पाच, लिफ्टमध्ये एक, बाकीचे जिन्यात आणि मजल्यांवर. सभेत विरोध केला तो तळमजल्यावर राहणाऱ्या एका बाईंनी. त्या म्हणाल्या, "कॅमेरे बसवा, पण त्यातलं बघणार कोण, ते आधी ठरवा." मी त्यांना दिलेलं उत्तर इतिवृत्तात माझ्याच अक्षरात आहे: "ज्याला लपवण्यासारखं काही नाही, त्याने काळजी करण्याचं कारण नाही."

ते वाक्य मला मागे घ्यायचं आहे, म्हणून हे लिहितो आहे.

त्या वाक्याच्या मागे नुसता पोकळ उत्साह नव्हता. 13 फेब्रुवारी 2010 ला कोरेगाव पार्कातल्या जर्मन बेकरीत स्फोट झाला. सतरा माणसं गेली. माझा मुलगा त्या संध्याकाळी त्याच भागात मित्राकडे गेला होता आणि दोन तास त्याचा फोन लागत नव्हता. ते दोन तास मी गॅलरीत उभा होतो. अडीच वर्षांनी, 1 ऑगस्ट 2012 ला, जंगली महाराज रस्त्यावर एकापाठोपाठ स्फोट झाले. सुदैवाने त्यात कोणाचा जीव गेला नाही, पण बालगंधर्वच्या रस्त्याने जाताना पोटात गोळा येणं म्हणजे काय, ते पुण्याला कळलं. पुढे सरकारने चौकाचौकांत कॅमेरे लावले तेव्हा मला मनापासून हायसं वाटलं. कोणीतरी बघतंय म्हणजे कोणीतरी काळजी घेतंय, असं मी धरून चाललो होतो.

2016 साली राज्याच्या गृहखात्याने अंतर्गत सुरक्षेच्या कायद्याचा एक मसुदा लोकांपुढे ठेवला होता. सार्वजनिक वर्दळीच्या जागी कॅमेरे सक्तीचे, त्यांचं चित्रण 30 दिवस जपायचं, आणि शंभराहून जास्त माणसं जमणार असतील तर पोलिसांची परवानगी घ्यायची, अशी कलमं त्यात होती. बराच गदारोळ झाला आणि तो मसुदा बारगळला. मी तेव्हा बँकेत होतो. जेवणाच्या सुट्टीत मी विरोधकांवर तोंडसुख घेतल्याचं मला आठवतं. पुढच्याच वर्षी, 24 ऑगस्ट 2017 ला, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. ती बातमी मी वाचली आणि पान उलटलं. आधारच्या वादातून निघालेली, दिल्लीतल्या वकिलांची गोष्ट, असं वाटलं. माझ्या जिन्याशी तिचा संबंध असेल, हे डोक्यातही आलं नाही.

2022 च्या पावसाळ्यात एका सभासदाने तक्रार केली. तीनशे दोनमध्ये भाड्याने राहणाऱ्या मुली रात्री-अपरात्री येतात, त्यांना सोडायला कोण येतं ते कमिटीने बघावं, अशी. तक्रार तोंडी होती. मी ती लेखी मागितली नाही, मुलींना काही विचारलं नाही. संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसात गेलो, वॉचमनला म्हणालो, मागच्या पंधरवड्याचं काढ.

वॉचमनला ते यंत्र माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. पासवर्ड सोसायटीचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन असा होता, तो सगळ्यांनाच ठाऊक होता. चित्र आठपट वेगाने पळवत आम्ही एकेक रात्र पाहिली. रात्रीचं चित्रण करडं दिसतं, माणसांच्या डोळ्यांत पांढरे ठिपके चमकतात. त्यातली एक मुलगी हिंजवडीत नोकरीला होती. तिची कॅब फाटकाबाहेर थांबायची, ती पर्स चाचपत यायची, लिफ्ट वर गेलेली असली तर जिन्याने चढायची. कधी अकरा दहा, कधी पावणेबारा. मी एका कागदावर वेळा लिहून घेत होतो.

एका रात्री ती पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर थांबली. पायरीवर बसली. आम्ही वेग कमी केला. का कमी केला, याचं उत्तर आजही माझ्याकडे नाही. तिने ओढणी तोंडाशी धरली आणि रडायला लागली. चित्रणात आवाज नव्हता. खांदे हलताना दिसत होते. सतरा-अठरा मिनिटं ती तशीच होती. मग उठली, मोबाइलच्या काळ्या काचेत चेहरा बघितला, डोळे पुसले, केस नीट केले आणि वर गेली. घरातल्या मैत्रिणींना कळू नये म्हणून ती जिन्यात बसली होती, हे कोणीही ओळखलं असतं. आख्ख्या इमारतीत तिला तेवढीच एक जागा सापडली होती, आणि तिथे माझा कॅमेरा होता.

मी यंत्र बंद केलं नाही. पुढची तारीख लावली.

कमिटीपुढे मी वेळांचा कागद ठेवला. सोडायला कोणी येत नाही, कॅब येते, एवढंच त्यातून निघालं. तरीही घरमालकाला "समज द्या" असं कळवलं गेलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती मुलगी आमच्या दारात उभी होती. आत ये म्हटलं तर आली नाही. म्हणाली, "काका, माझी शिफ्ट साडेदहाला संपते. ते मला विचारलं असतंत तर मी आयडी कार्ड दाखवलं असतं. तुम्ही कॅमेऱ्यात का बघितलंत?" मी सुरक्षा वगैरे काहीतरी बोललो. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग तिने विचारलं, "बावीस तारखेचं पण बघितलंत?"

मी हो म्हणालो. खोटं बोलता आलं नाही. तिने मान हलवली आणि ती गेली. दोन महिन्यांनी त्यांनी ती जागा सोडली. त्या रात्री ती का रडत होती, ते मला माहीत नाही, आणि माहीत असण्याचं काही कारणही नाही.

माझी बायको आतून सगळं ऐकत होती. तिने एकच विचारलं, "तुम्ही एकटेच बघत होता, की वॉचमनही होता?"

त्यानंतरचे काही दिवस मी कायदा वाचण्यात घालवले. बँकेत आयुष्य गेल्यामुळे कलमं वाचायची सवय होती. खरं सांगायचं तर मी स्वतःसाठी शिक्षा शोधत होतो. ती सापडली नाही. चोरून बघण्याचा गुन्हा भारतीय दंड संहितेत होता आणि आताच्या न्याय संहितेतही 77 व्या कलमात आहे. तो स्त्रीच्या अगदी खासगी कृतींबद्दल आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66-ई कलम शरीराच्या खासगी भागांच्या चित्रणाबद्दल आहे. जिन्यात रडणारी मुलगी यातल्या कशातच बसत नाही. माझ्या हातून गुन्हा घडला नव्हता. माझ्या हातून जे घडलं होतं त्याला कायद्यात नाव नव्हतं.

पण वाचता वाचता खरक सिंग भेटला. उत्तर प्रदेशातला हा माणूस 1941 साली दरोड्याच्या आरोपावरून पकडला गेला आणि पुरावा नाही म्हणून सुटला. पोलिसांनी तरीही त्याच्या नावाने वही उघडली. चौकीदार आणि शिपाई अपरात्री येऊन त्याचं दार ठोठावायचे, झोपेतून उठवायचे, कुठे जातो-येतो ते लिहून ठेवायचे. 1962 साली सर्वोच्च न्यायालयाने रात्री घरात शिरणं तेवढं बेकायदा ठरवलं. बाकीची पाळत चालू राहू दिली, कारण खासगीपणाचा अधिकार घटनेत नाही असं बहुमताने म्हटलं. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी वेगळं मत दिलं. ज्याच्या पाठीवर सतत नजर आहे तो माणूस रस्त्यावरून चालत असला तरी मोकळा नसतो, असा त्याचा आशय होता. त्यांचं म्हणणं कायदा व्हायला 2017 साल उजाडावं लागलं. खरक सिंगच्या वहीसारखाच एक कागद मी लिहिला होता. तारीख, येण्याची वेळ, सोबत कोण.

2017 च्या त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे. आणीबाणीत, 1976 साली, सरकारने बेकायदा डांबलं तरी नागरिकाला न्यायालयात दाद मागता येणार नाही, असा निकाल चार विरुद्ध एक मतांनी लागला होता. त्या चौघांत पुण्यात जन्मलेले न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते. एकेचाळीस वर्षांनी तो निकाल चुकीचा होता असं लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे त्यांचे चिरंजीव. मुलाने वडिलांचं मत भर न्यायालयात खोडलं. मला तर माझं स्वतःचंच एक वाक्य खोडायचं होतं, तेही सोसायटीच्या इतिवृत्तातलं.

सोलापूरची आठवणही याच दिवसांत वर आली. नोकरीत मी तिथे चार वर्षं होतो. शहराच्या एका भागाला लोक अजून 'सेटलमेंट' म्हणतात. 1871 साली इंग्रजांनी केलेल्या गुन्हेगार जमाती कायद्यात अख्ख्या जमातीच जन्मतः गुन्हेगार ठरवल्या गेल्या. पुढे मुंबई इलाख्यातही तो लागू झाला, आणि सोलापुरात त्या कुटुंबांना तारेच्या कुंपणात ठेवून हजेरी घेतली जायची. हा कायदा देशात 31 ऑगस्ट 1952 ला रद्द झाला. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षं सोळा दिवसांनी. बँकेत पेन्शन घ्यायला येणारे एक म्हातारे बाबा त्या वस्तीतले होते. सहीऐवजी अंगठा लावायला सांगितलं की ते चिडायचे. एकदा म्हणाले, "साहेब, माझ्या बापाचा अंगठा सरकारनं लई घेतला. मी सही शिकलोय, सही घ्या."

मला ते तेव्हा हट्टी वाटले होते. आमच्या फाटकावर घरकामाच्या बायकांचा अंगठा रोज दोनदा घेतला जातो. त्यासाठीचं यंत्रही माझ्याच काळात आलं. सोसायटीच्या ग्रुपवर आम्ही त्याला 'हजेरी' म्हणत होतो. सभासद, त्यांचे पाहुणे, जावई, यातल्या कोणाचाही अंगठा घेतला जात नव्हता. फक्त भांडी घासायला येणाऱ्यांचा. ते ठसे कुठल्या कंपनीच्या कोणत्या यंत्रात साठतात, हे सेक्रेटरी असूनही मला सांगता आलं नसतं.

2023 च्या ऑगस्टमध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा केंद्रीय कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले, आणि त्यातली मुख्य बंधनं अठरा महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये, लागू होतील. एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या घरगुती कारणासाठी माहिती ठेवली तर हा कायदा तिला लागू नाही. पण सोसायटी ही व्यक्ती नाही, ती नोंदणीकृत संस्था आहे, असं मी आमच्या सभासदांना सांगतो. माहिती कशासाठी घेतो ते सांगायचं, त्याच कामासाठी वापरायची, काम संपलं की पुसून टाकायची आणि सांभाळण्यात कुचराई करायची नाही, हा त्याचा गाभा. सुरक्षेत हयगय झाली तर दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी आहे. तो आकडा मोठ्या कंपन्यांसाठी आहे हे खरं, पण 'एक-दोन-तीन' हा पासवर्ड बदलायला तो मला फार उपयोगी पडला.

या कायद्याबद्दल माझी तक्रारही आहे. सतराव्या कलमाने केंद्र सरकारला आपल्या कोणत्याही यंत्रणेला यातून सूट देता येते. आणि त्याच कायद्याने माहिती अधिकाराच्या आठव्या कलमात बदल करून सरकारी दप्तरातली 'वैयक्तिक' माहिती नाकारणं सोपं केलं. सामान्य माणूस उघडा आणि सरकार झाकलेलं, ही दिशा मला मान्य नाही. चौकातल्या कॅमेऱ्याचं चित्रण कोणी, कधी आणि कोणाच्या हुकमाने पाहिलं, हे विचारायचा अधिकार पुणेकराला हवा. तेव्हाच्या अखंड आंध्र प्रदेशाने 2013 साली कायदा केला, त्यात भर आहे तो वर्दळीच्या ठिकाणी कॅमेरे बसवायला लावण्यावर. सॅन फ्रान्सिस्को शहराने मे 2019 मध्ये उलटी बाजू धरली. शहराच्या खात्यांना चेहरा ओळखणारं तंत्र वापरायला बंदी केली, आणि पाळतीचं नवं साधन घ्यायचं तर आधी लोकप्रतिनिधींपुढे उघडपणे मांडायला लावलं. मार्च 2024 मध्ये तिथल्याच मतदारांनी पोलिसांवरची काही बंधनं सैल केली. मला दोन्ही गोष्टी मोलाच्या वाटतात. निदान तिथे कोणीतरी लोकांना विचारलं.

कॅमेरा वाईट असतो असं मी म्हणत नाही. 2019 साली आमच्या पार्किंगमधून एका सभासदाची स्कूटर गेली, ती फाटकावरच्या चित्रणामुळेच परत मिळाली. आणि 2 डिसेंबर 2020 ला सर्वोच्च न्यायालयानेच देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीसह, कॅमेरे लावायला सांगितलं. कारण कोठडीत माणसाला मारहाण होते आणि साक्षीदार नसतो. तो आदेश मी दोनदा वाचला. चित्रण किती महिने ठेवायचं, देखरेख कोणत्या समितीने करायची, एवढंच नव्हे तर इथे कॅमेरे आहेत हे लोकांना समजेल अशा भाषेत दारावर लिहायचं, हे सगळं त्यात आहे. पोलिसांवर नजर ठेवताना न्यायालयाने एवढा विचार केला. आम्ही तर शेजाऱ्यांवर नजर ठेवत होतो, आणि आमच्या ठरावात कॅमेऱ्यांची संख्या, किंमत आणि देखभालीचा खर्च याखेरीज एक ओळ नव्हती. घरच्या घरातही हा प्रश्न येतो. एकाच वास्तूत राहणाऱ्या दोन भावांच्या वादात कलकत्ता उच्च न्यायालयाने 2025 मध्ये सांगितलं की राहत्या भागात दुसऱ्याच्या संमतीशिवाय कॅमेरे चालू ठेवता येणार नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही.

2022 च्या सभेत मी दुरुस्तीचा ठराव मांडला आणि तो पडला. ज्यांची स्कूटर परत मिळाली होती ते गृहस्थ मला म्हणाले, "तुम्हीच बसवले, आता तुम्हीच घाबरता?" मी सभेत सगळं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या मुलीचं रडणं पन्नास घरांत पोचलं असतं. एवढंच म्हणालो की माझ्याकडून गैरवापर झाला आहे आणि तो उद्या दुसऱ्याकडूनही होईल. तळमजल्यावरच्या बाईंची मी त्याच सभेत माफी मागितली. त्या म्हणाल्या, "इतिवृत्तात लिहा." लिहिलं.

2023 च्या सप्टेंबरमध्ये ठराव मंजूर झाला. मजल्यांवरचे आणि जिन्यातले कॅमेरे काढले, कारण तिथून घरांची दारं दिसत होती. फाटक, पार्किंग आणि लिफ्टमधले राहिले. यंत्र कुलूपबंद कपाटात गेलं. चित्रण पंधरा दिवसांनी आपोआप पुसलं जातं. कोणाला काही बघायचं असेल तर कारण आणि वेळ लिहून अर्ज करावा लागतो, दोन पदाधिकारी मिळून तेवढाच भाग बघतात, त्यातली एक स्त्री असावी लागते, आणि एका वहीत नोंद होते. ज्याचं चित्रण पाहिलं त्याला ते कळवलं जातं. पोलिसांनी मागितलं तर लेखी पत्रावर देतो. ग्रुपवर कोणतीही क्लिप टाकायची नाही. अंगठ्याचं यंत्र काढून टाकलं. कामाला येणाऱ्या बायका आता नाव सांगून आत येतात. दोघी-तिघी वहीत सही करतात, त्यांना तशी आवडते.

सगळ्यांना हे पटलेलं नाही. मजल्यावर कॅमेरे हवेत म्हणणारे दोन सभासद दर सभेत विषय काढतात आणि मी दर सभेत उत्तर देतो. ठराव झाल्यापासून त्या वहीत आजवर नऊ नोंदी झाल्या आहेत. त्याआधीच्या पाच वर्षांत कोणी किती वेळा काय बघितलं, याची एकही नोंद आमच्याकडे नाही.

तुमच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत होईल. तिथे उभं राहून एवढंच विचारा: आपलं फुटेज कोण बघतं, आणि ते कुठे लिहिलेलं आहे? उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.